2 स्टार दिलेल्या लाकडी लुअरबद्दल (गळाला लावायच्या नकली माशाबद्दल) आमचं म्हणणं

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. 650 रुपये मोजून मागवलेल्या लुअरला बोट चिकटलं तर कुणालाही राग येणारच. पण तुमचं एक वाक्य फार लागलं, म्हणून लिहितोय. ‘आधीच उशिरा पाठवला, त्यात कोटिंग कच्चं.’ सर, कच्चं राहू नये म्हणूनच तर उशीर होत होता!

ऑर्डर भर जुलैमधली. त्या दिवसांत इकडे डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं. लुअरवरचं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं कोटिंग, हे काही नेलपॉलिश नाही, की लावलं, फुंकर मारली आणि झालं. आधी लाकूड सील करावं लागतं, नाहीतर त्याच्या छिद्रांतली हवा कोटिंगमध्ये बुडबुडे काढत वर येते. मग रेझिन आणि हार्डनर, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. अंदाजपंचे ओतलं तर महिनाभर ठेवलं तरी चिकटच. एका कपात सावकाश ढवळायचं, दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळायचं, कारण पहिल्याच्या कडेला न मिसळलेलं राहून जातं. ब्रशने लावलं की लुअर मोटरवर फिरत ठेवायचा (आमची मोटर जुन्या मायक्रोवेव्हच्या थाळीची आहे), म्हणजे कोटिंग पोटाकडे ओघळून थेंब धरत नाही. मध्येच लाइट गेली तर घट्ट होईपर्यंत हाताने फिरवत बसायचं. पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. एवढं करूनही हवा दमट असली की वर मेणचट थर येतो. तो कोमट साबणाच्या पाण्याने धुवायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग दुसरा हात द्यायचा. आणि हाताला सुकं लागलं म्हणजे आतून पक्कं झालं असं नसतं, त्याला साधारण 7 दिवस जातात.

हे सगळं फोनवर सांगितलं होतं. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, रविवारी रेवदंड्याच्या खाडीत गरवायला जायचंय, जसा असेल तसा पाठवा. व्हॉट्सॲपवर आहे ते. तरीही पार्सलमध्ये चिठ्ठी घातली होती: आठवडाभर पाण्यात टाकू नका, रबरी शाडबरोबर (मऊ नकली माशाबरोबर) एका डब्यात ठेवू नका. आता तुम्ही टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. लुअरच्या शेपटीला टेकून हिरवी शाड पडलीय. त्या रबरातलं तेल रंग आणि कोटिंग मऊ करतं, त्यातून कोटिंग नवीन असलं तर बघायलाच नको. शेपटीवर शाडचा हिरवा डाग उतरलाय, तिथे धूळही बसलीय. डोक्याकडे मात्र कोटिंगमध्ये तुमच्या घरातली ट्यूबलाइट आरशासारखी स्वच्छ दिसतेय.

‘बाजारात 150 रुपयांत प्लॅस्टिकचे मिळतात’ असंही लिहिलंय तुम्ही. मिळतात की. जरूर घ्या. आमचं घरगुती काम आहे, एकेक नग हाताने तासलेला. तुमचे 2 स्टार वाचून एकाने दिलेली ऑर्डर परत घेतली, ते कुणाला सांगायचं?

असो. लुअर परत पाठवा. घासून नवीन कोटिंग करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही, कुरिअरचं तेवढं तुम्ही बघा. पावसाळ्यातल्या ऑर्डरींचंही पुढे काहीतरी ठरवू. आणि एक विनंती. त्याच रविवारी याच लुअरवर मिळालेल्या जिताड्याचा फोटो तुम्ही स्टेटसला ठेवला होता, तोही इथे टाकलात तर बरं होईल.