‘मुलांसाठी खास चाइल्ड प्लॅनच हवा’? हिशेब मांडून बघा

घरात बाळ आलं की काही दिवसांतच आईबाबांच्या फोनवर या अर्थाचा मेसेज येतो: ‘लेकराच्या भवितव्याशी जुगार नको. इंडेक्स फंड बाजाराबरोबर बुडतात. हमी, विमा आणि तज्ज्ञांची देखरेख असलेला चाइल्ड प्लॅनच घ्या. खर्च थोडा जास्त, पण मुलांसाठी कसला हिशेब!’ काळजीत असलेल्या आईबाबांना हे चटकन पटतं, म्हणूनच मला याचा राग येतो.

(इंडेक्स फंड म्हणजे शेअर निवडत न बसता बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा स्वस्त फंड.) आधी ‘थोडा खर्च’ बघू. बाळाच्या नावाने आज १०० गुंतवले आणि बाजाराने वर्षाला ८ टक्के दिले असं धरा. स्वस्त इंडेक्स फंडासारखा वार्षिक खर्च ०.२ टक्के असेल, तर १८ वर्षांनी साधारण ३८६ होतात. महागड्या प्लॅनसारखा खर्च २ टक्के असेल, तर २८५. फरक १०१ चा, म्हणजे मूळ रकमेहूनही जास्त! खर्च दरवर्षी वाढलेल्या पूर्ण रकमेवर कापला जातो आणि कापलेल्या पैशावरची पुढची वाढही हातची जाते. मुदत जितकी लांब तितका हा खड्डा खोल, आणि मुलांएवढी लांब मुदत दुसऱ्या कुणाकडे असते? हिशेब करायचाच तर तो मुलांसाठीच करायला हवा.

तज्ज्ञांचं म्हणाल, तर अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी ‘साधा इंडेक्स फंड तज्ज्ञांना हरवेल’ म्हणून लावलेली पैज आठवा. २००८ ते २०१७ या १० वर्षांत एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या साध्या इंडेक्स फंडाने १२५.८ टक्के वाढ दिली. समोर हेज फंडांमध्ये (श्रीमंतांचे पैसे भरपूर फी घेऊन गुंतवणाऱ्या फंडांमध्ये) पैसे गुंतवणारे, तज्ज्ञांनी निवडलेले ५ फंड होते. त्यांतल्या सर्वांत चांगल्या फंडाची वाढ ८७.७ टक्के भरली. माणसं हुशारच होती, पण त्यांच्या हुशारीची फी दोन थरांत वसूल होत होती: या फंडांची वेगळी आणि आतल्या हेज फंडांची वेगळी.

हमीचं गणित सोपं आहे. हमी ४ टक्क्यांची आणि महागाईही ४ टक्के, तर १८ वर्षांत पैसे दुप्पट होतात आणि कॉलेजची फीसुद्धा.

विम्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. कमावत्या पालकाचं काही बरंवाईट झालं, तर मुलाचं शिक्षण अडता कामा नये. पण त्यासाठी विमा पालकाच्या आयुष्याचा हवा. साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, गुंतवणुकीपासून वेगळा. दोन्ही एकत्र बांधले की कशाचे किती पैसे मोजतोय हेच कळत नाही.

राहिला बाजार बुडण्याचा प्रश्न. भीती खोटी नाही. २००८ या एका वर्षात एस अँड पी ५०० लाभांश धरूनही सुमारे ३७ टक्के पडला. जपानच्या निक्केई निर्देशांकाला तर १९८९ च्या अखेरचा उच्चांक ओलांडायला २०२४ उजाडलं. म्हणून सगळे पैसे एकाच देशाच्या बाजारात ठेवू नयेत. अनेक देशांत पसरलेला स्वस्त इंडेक्स फंड बरा. दरमहा ठरावीक रक्कम टाकत राहिलं की पडत्या बाजारात जास्त युनिट्स मिळतात. आणि पैसे लागायला ४-५ वर्षं उरली की टप्प्याटप्प्याने मुदत ठेवीसारख्या सुरक्षित जागी हलवायला लागा. त्याला खास प्लॅन लागत नाही, वर्षातून एकदा आठवणीने केलेला व्यवहार लागतो.