क्रूझ म्हणजे ‘तरंगतं हॉटेल’? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक प्रतिवाद

सुट्ट्या जवळ आल्या की व्हॉट्सअॅपवर एक संदेश हमखास फिरतो. सिंगापूरहून तीन-चार रात्रींची पेनांग (मलेशिया)-फुकेत (थायलंड) क्रूझ घ्या, ते तरंगतं हॉटेलच आहे. ऐनवेळी पोहोचलात तरी चालतं, व्हिसाचं जहाजवाले बघतात, एकदा पैसे भरले की खिशात हात घालायला नको, एवढ्या मोठ्या जहाजात बोट लागत नाही, आणि हो, चहासाठी केटल न्यायला विसरू नका. हॉटेल समजून गेल्यावर जे जे फसतं, ते जवळपास सगळं या एका संदेशात आलंय.

‘ऐनवेळी पोहोचलं तरी चालतं.’ हॉटेलची खोली रात्री दोनलाही मिळते. जहाजाला मात्र सुटण्याआधी प्रवाशांची पक्की यादी द्यावी लागते, म्हणून चेक-इन साधारण तास-दीड तास आधी बंद होतं. चारला सुटणारं जहाज गाठायला तुम्ही पावणेचारला धक्क्यावर आलात, तर जहाज समोर दिसेल, पण चढता येणार नाही. पैसे परत नाहीत, आणि पुढच्या बंदरात चढू देतील याचीही खात्री नाही. त्यामुळे मुंबईहून त्याच सकाळी पोहोचणारं विमान घेऊ नका. आदल्या दिवशी जा. परतीचं विमानही दुपारनंतरचंच बघा.

हाच घोळ मधल्या बंदरातही होतो, आणि फुकेतला तर जास्तच. थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे. किनाऱ्यावर उतरताच फोन गुपचूप थाई वेळ दाखवू लागतो आणि जहाज मात्र अनेकदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. फोनमध्ये चार, जहाजावर पाच! त्यात मोठी जहाजं बऱ्याचदा फुकेतच्या पातोंग किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि किनाऱ्यावर ने-आण छोट्या बोटींनी होते, म्हणजे तुमची खरी मुदत ही शेवटच्या बोटीची. उतरण्यापूर्वी जहाजाची वेळ आणि शेवटची बोट, दोन्ही कागदावर लिहून घ्या. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतात किंवा पुढची सोय करतात. बाहेर ठरवलेल्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही.

‘व्हिसाचं जहाजवाले बघतात.’ ते फक्त तपासतात, आणि कागद कमी असला तर चढूच देत नाहीत. जहाज सिंगापूरहून निघालं की तुम्ही देशाबाहेर गेलात. परत येणं हा दुसरा प्रवेश. म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघा. वाटेतल्या देशांचे नियम कंपनीकडून लेखी मागवा. ‘आम्ही पेनांगला उतरणारच नाही’ हे काउंटरवर चालेलच असं नाही. सिंगापूरचं डिजिटल आगमनपत्र, म्हणजे एसजी अरायव्हल कार्ड, परतताना पुन्हा भरावं लागतं. ते मोफत आहे, पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. शेवटच्या बंदरात फोनला नेट असतानाच ते उरकून टाका.

‘एकदा पैसे भरले की झालं.’ मुख्य जेवण भाड्यात असतं, बाकी बरंच काही नसतं. टिप रोज माणशी लागते. काही कंपन्या ती आधीच घेतात, काही शेवटी बिलात लावतात. दिवसाला 16 अमेरिकन डॉलर धरले, तरी चौघांचे चार रात्रींचे 256 डॉलर होतात. मद्य, वाय-फाय, खास रेस्टॉरंट हे वेगळं. जहाजावरच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडलं तर अंदाजे रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती सुटायला अनेक दिवस जातात.

खिशाला न दिसणारी गळती मोबाईलची. नेहमीचं आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक जमिनीवरच्या टॉवरसाठी असतं. खोल समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क पकडतो, ज्याचे दर त्या पॅकमध्ये बसत नाहीत. धक्का सोडण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वाय-फाय चालू करा. कंपनीचं अॅप जहाजाच्या वाय-फायवर सहसा फुकट चालतं. आजीआजोबांच्या फोनवरही हे करून द्या, नाहीतर नेमकं त्यांचंच बिल येतं.

‘केटल न्या.’ केटल, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, राइस कुकर, सगळं सामानाच्या तपासणीत काढून ठेवतात. समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलही जहाजाचंच, म्हणून हा कडकपणा. एक्स्टेन्शन बोर्डही काढून ठेवतात, ते मात्र अनेकांना पटत नाही. घरी विजेच्या दोन तारांपैकी एक, न्यूट्रल, जमिनीला जोडलेली असते. जहाजावर सहसा कुठलीच तार जहाजाच्या सांगाड्याला जोडलेली नसते, म्हणजे दोन्ही तारांत विजेचा दाब असतो. अशा बोर्डात अनेकदा असलेला सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग) बिघाडाच्या वेळी एकच तार तोडतो, दुसरीतून प्रवाह चालू राहू शकतो आणि बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. सर्ज प्रोटेक्टर नसलेला तीन-चार यूएसबी पोर्टचा चार्जर न्या. चहाला गरम पाणी बुफेत मिळतं. थर्मास आणि आपली चहापत्ती पुरेशी आहे.

‘मोठ्या जहाजात बोट लागत नाही.’ कमी लागते, एवढंच खरं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पसरलेले स्टॅबिलायझरचे पंख जहाजाचं डावं-उजवं डुलणं आवरतात; नाक वर-खाली होणं त्यांना फारसं आवरत नाही. ते सर्वांत कमी जाणवतं मध्यभागी, खालच्या मजल्यांवर. सगळ्यात वर, पुढच्या टोकाची देखणी बाल्कनी नेमकी उलट. अॅव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आदल्या रात्री किंवा प्रवासाच्या तास-दोन तास आधी घ्यायची. झोप येते, म्हणून सोबत मद्य नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

संदेशात नसलेली एक गोष्ट: सुरक्षा कवायत. 13 जानेवारी 2012 रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळलं, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकून कुठल्या ठिकाणी जमायचं ते पोरांनाही प्रत्यक्ष चालत जाऊन दाखवा.

सामानाचंही हॉटेलसारखं नाही. धक्क्यावर दिलेली बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते, तेव्हा पासपोर्ट, औषधं, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, बहुधा अकराच्या आत. त्या थेट धक्क्यावरच मिळतात. सकाळचे कपडे, चपला आणि दाताचा ब्रश बाजूला काढल्याशिवाय चेन लावू नका.