'दहा वर्षांपर्यंत फक्त पाठांतर' असा कुठलाही नियम नाही

मुलांना घरीच अभिजात पद्धतीने (म्हणजे जुन्या युरोपीय शिक्षणाच्या धर्तीवर, लॅटिनसकट) शिकवणाऱ्या पालकांमध्ये सध्या एक दावा फिरतोय: मध्ययुगीन नियमानुसार दहा वर्षांपर्यंत मुलांनी फक्त पाठ करायचं, 'का' विचारायचं नाही. हे चुकीचं आहे आणि त्यात मुलांचं नुकसान आहे.

व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही त्रयी मध्ययुगात विषय म्हणून शिकवली जाई. तिची सांगड मुलांच्या वयाशी घातली ती इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी, १९४७ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात. त्यामुळे वयाच्या सीमारेषा दगडावर कोरलेल्या नाहीत.

पाठांतराला दिवसाची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. नवं थोडंच द्या; जुन्याची उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने करा. आणि पाठ केलेलं त्याच आठवड्यात वापरायला लावा. लॅटिनमधल्या 'पुएल्ला' (मुलगी) या शब्दाची 'पुएल्ला, पुएल्ले, पुएल्ले, पुएल्लाम, पुएल्ला' ही विभक्तीची रूपं मूल सुरात धडाधड म्हणतं, पण वाक्यात 'पुएल्लाम' दिसलं की अडतं, कारण शेवटचा 'म' कर्म दाखवतो हे त्याने कधी वापरलेलंच नसतं. 'मुलगी शेतकऱ्याला बघते' आणि 'शेतकरी मुलीला बघतो' अशी दोनच वाक्यं लॅटिनमध्ये करून घेतली तरी गाठ सुटते.

धडा एकदाच वाचून दाखवा आणि पुस्तक मिटून मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. मध्येच दुरुस्त्या करू नका, धागा तुटतो. 'का' आलाच, तर वय न बघता उत्तर द्या.