पानगळीतलं रान बघायला या

"पाऊस पडला की येऊ गं, आता सगळं वाळलंय तिकडे." परवा पुण्याची मैत्रीण फोनवर असं म्हणाली आणि मला मनापासून वाईट वाटलं. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचं रान लोकांना जुलै-ऑगस्टातच बघायचं असतं. मला विचाराल तर माघ-फाल्गुनात, सागानं पानं टाकली की ते सगळ्यात देखणं होतं.

पावसाळ्यात रानात शिरलं की पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. आता मामाच्या बांधावर उभी राहिले की नाला कुठे वळतो, पलीकडची टेकडी कशी उतरते, सगळं उघडं. आणि झाडं! सालीवरून झाड ओळखायला मामानं मला याच दिवसांत शिकवलं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तेंदूची काळी, सालईचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. धावडा गुळगुळीत, पांढुरका. आणि कांडोळ, ज्याला काही जण भुत्या म्हणतात, तो तर चांदण्यात लांबून चमकतो. वर्षभर तिथंच असतो, नजरेत भरतो तो आत्ता.

हरियालाचंही, म्हणजे हिरव्या कबुतराचंही, तसंच. आपला हा राज्यपक्षी पानांत असा मिसळतो की डोक्यावरच्या उंबरात अख्खा थवा असला तरी पत्ता लागत नाही. आता सकाळच्या उन्हाला ते उघड्या शेंड्यावर येऊन बसतात, तेव्हा त्यांचे पिवळे पायसुद्धा दिसतात.

आणि "वाळलंय" हा शब्द मला खरंच टोचतो. पानांतून झाडाचं पाणी सारखं वाफ होऊन जात असतं. उन्हाळा तोंडावर आला की झाड देठाशी एक थर तयार करून पान सोडून देतं, त्याआधी पानातलं बरंचसं सत्त्व परत ओढून घेतं. बारीक फांदी नखानं जराशी खरवडून बघा, आत हिरवीगार असते.

एक विनंती मात्र हात जोडून. पाचोळ्यात विडी-सिगारेट टाकू नका. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपल्याकडे वणव्याचा काळ. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि ती आग झाडाखालीच थांबत नाही. वेचणाऱ्यांचं पोट त्या फुलांवर आहे, हे मी जवळून पाहिलंय. पण खराट्यानं झाडून घेतलं किंवा खाली जाळी बांधली तरी फुलं स्वच्छ मिळतात. दोन वर्षांपूर्वी बांधापलीकडचा उतार जळाला. पहिल्या पावसात तिथली काळी माती नाल्यातून वाहून जाताना मामा नुसता बघत उभा होता.

पळस पेटलाय. कुसुमाला लाल पालवी फुटू लागेल. मैत्रिणीला म्हटलं, होळीला ये, मुक्कामानं. अंधार असतानाच उठवीन तुला. मोहाखाली जाऊन गप्प बसायचं, एकेक फूल पाचोळ्यावर टपकताना ऐकू येतं.