इळा आणि गवताची पेंढी

काल आठवीवर माझा शिक्षक-प्रशिक्षणातला सराव पाठ झाला. विषय सविनय कायदेभंग. पुसद तालुक्यातली शाळा, बहुतेक पोरं शेतकरी-शेतमजुरांची.

पुस्तकात दांडी आहे, मीठ आहे. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. पण समुद्र नाही तर कायदा मोडायचा कुठला, हा पेच १९३० साली विदर्भालाही पडलाच होता. अकोल्याकडे दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ केलं. आणि आमच्या पुसदला १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं, म्हणजे परवानगीशिवाय कापायला बंदी असलेलं, गवत कापून अटक करून घेतली. हे वाचलं आणि तक्ता बाजूला ठेवला. घरचा इळा आणि गवताची पेंढी नेली.

"यानं गवत कापलं तर गुन्हा होईल का?" विचारल्यावर वर्ग हसला. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा, आठवडाभर तोंड न उघडलेला, उभा राहिला. "होते ना मॅडम. आमच्या बकऱ्या जंगलात गेल्या तं गार्डानं पकडल्या. बाबाले दंड भरा लागला. तवाबी असंच होतं काय?"

हा प्रश्न टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, नव्हता. पण १९२७ चा वन कायदा मी आदल्या रात्री वाचून ठेवला होता, म्हणून त्या प्रश्नावर थांबता आलं. राखीव जंगल म्हणजे काय, तो कायदा आजही कसा लागू आहे, २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क कसा आला, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला जंगलाचा सामूहिक हक्क कसा मिळाला, सगळं सांगितलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "म्हंजे त्याईनं लपून नाही, सांगून कापलं?" सत्याग्रह शब्दाची व्याख्या मग मी फळ्यावर लिहिलीच नाही.

आम्हा प्रशिक्षणार्थींत जुन्या वह्यांवरून टाचण उतरवून काढायची पद्धत आहे. टाचण म्हणजे कागदी सोपस्कार, असं मोठेही सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. तयारी नसती तर त्या पोराला मी "खाली बस, विषयावर ये" म्हटलं असतं. बाबांनी भरलेला दंड तो पुन्हा कधी वर्गात बोलला नसता.

मूल्यमापनाचे प्रश्न राहून गेले. निरीक्षकांनी शेरा दिला, वेळेचं नियोजन सुधारा. शेरा बरोबर आहे, प्रस्तावना लांबली होती.

पुढचा पाठ १९४२ च्या 'भारत छोडो'चा. चिमूर आणि आष्टी, दोन्हीकडचे उठाव १६ ऑगस्टचे. आजपासून वाचायला घेतलंय.