बिल पालिकेचं, हुकूम मंत्रालयाचा

घरपट्टीचं बिल आलं की आपण खालचा आकडा बघतो आणि महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. यंदा जरा वरच्या ओळीही वाचा. सर्वसाधारण कर, अग्निशमन, वृक्ष उपकर... आणि मध्येच 'राज्य शिक्षण कर'. दुकान किंवा ऑफिस असेल तर रोजगार हमी उपकरही. हे पैसे पालिकेचे नाहीतच. शिक्षण कर राज्याच्या 1962 च्या कायद्याने लागलाय, पालिका फक्त वसूल करून सरकारजमा करते. वसुलीच्या शिव्या मात्र तिच्याच वाट्याला.

74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली तेव्हा शहरांना स्वराज्य मिळालं म्हणून केवढा गाजावाजा! पण कराचं कलम, 243 एक्स, नीट वाचलं तर कळतं की पालिकेने कोणता कर लावायचा, किती लावायचा, हे राज्याचं विधिमंडळ ठरवणार. अधिकार 'देता येतील' एवढंच. दिलेच पाहिजेत असं कुठे आहे?

जकातीचं, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराचं बघा. जकात मला कधीच आवडली नाही. नाक्यावर तासन् तास खोळंबलेले ट्रक, वर चिरीमिरी, गेली ते बरंच झालं. पण ती गेली कशी? आधी तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आणला. 2013 मध्ये पुण्या-ठाण्यात लागू झाला तर व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. मग 1 ऑगस्ट 2015 पासून, म्हणजे पालिकांचं आर्थिक वर्ष निम्म्यावरही आलं नव्हतं तेव्हा, 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला माफी. मुंबईची जकात तेवढी टिकली, तीही 1 जुलै 2017 ला जीएसटीत विरली.

बदल्यात राज्याने भरपाईचा कायदा केला. 2016-17 हे पायाभूत वर्ष आणि दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ. हिशोब वाईट नाही, हे कबूल. पहिल्याच महिन्यात मुंबईला साडेसहाशे कोटींच्या आसपासचा धनादेश मिळाला. पण जी पालिका आपला पैसा आपल्या नाक्यावर गोळा करत होती, ती आता दर महिन्याला मंत्रालयाकडे डोळे लावून बसते. कमावत्या मुलाने पगार वडिलांच्या हातात द्यायचा आणि खर्चाला पैसे मागायचे, तसलं हे. वडील देतात हो, पण विचारावं लागतंच ना.

दर सोडा, सवलतसुद्धा हातात नाही. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत होती, पालिकेच्याच 1970 च्या ठरावाने. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्याने ठराव विखंडित केला, लोकांना वाढीव बिलं गेली. मग 2023 मध्ये राज्याच्याच मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. 'विखंडित' हा शब्द पालिकेच्या बाहेर फार कुणाला ठाऊक नसेल. महापालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली सभागृहाचा ठराव सरकार रद्द करू शकतं, त्याला हे नाव. तुम्ही निवडून दिलेल्या दीडशे माणसांनी हात वर करून केलेला ठराव, आणि एका आदेशात खलास.

उलट मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. घोषणा राज्याची, टाळ्या राज्याला, तूट पालिकेच्या तिजोरीत. छोट्या घरांना सूट मिळू नये असं माझं म्हणणं नाही. पण दुसऱ्याच्या खिशातून उदार व्हायला काय लागतं?

बांधकामाच्या नियमांचीही तीच गत. डिसेंबर 2020 ची एकत्रित नियमावली मुंबई आणि काही मोजके भाग सोडून सगळ्या राज्याला एकच. उंची, एफएसआय (प्लॉटवर किती बांधायचं ते), पार्किंग मंत्रालयातून ठरतं. ड्रेनेज तुंबलं की फोन मात्र नगरसेवकाला.

आणि हो, पगाराच्या स्लिपवरचा तो दोनशे रुपयांचा व्यवसाय कर, फेब्रुवारीत तीनशे. तमिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्था लावतात. आपल्याकडे 1975 पासून तो राज्याच्या तिजोरीत जातो. यावरून एखाद्या महापौराने कधी आवाज चढवल्याचं तुम्हाला आठवतंय? मला तरी नाही.