ठाणे खाडीत फ्लेमिंगो अंडी घालत नाहीत

हिवाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरू लागतो: सैबेरियातून हजारो फ्लेमिंगो ठाणे खाडीत अंडी घालायला येतात, कांदळवनात घरटी बांधतात आणि खायला मिळालं नाही तर आई स्वतःचं रक्त पाजून पिल्लू जगवते. सोबत लाल धार गळणारा व्हिडिओ.

सैबेरियाचं आधी उरकतो. तिथे फ्लेमिंगोंची, म्हणजे आपल्या रोहितांची, वीणच होत नाही. खाडीत जास्त संख्येने दिसतात ते धाकटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो ही लहान जात, आणि भारतात त्यांची मुख्य वीण कच्छच्या रणात होते. मोठे रोहित, म्हणजे ग्रेटर फ्लेमिंगो ही दुसरी जातही तिथे वीण करते.

खाडीतल्या अंड्यांचं म्हणणं तर रोहिताचं घरटं कसं असतं ते कळलं की टिकत नाही. हा झाडावर घरटं करणारा पक्षी नव्हे. उथळ खाऱ्या पाण्यात चोचीने चिखल ओढून तो वीत-दीड वीत उंचीचा ढिगारा रचतो, माथ्यावर खळगा करतो आणि त्यात बहुधा एकच अंडं घालतो. नर-मादी ते आळीपाळीने जवळजवळ महिनाभर उबवतात. ठाणे खाडीत दिवसातून दोनदा भरती येते, उधाणाला पाणी चार मीटरच्या वर जातं. तिथे असा ढिगारा एक दिवसही टिकणार नाही. रणात पावसाचं पाणी साचून राहतं आणि भोवतीच्या चिखलामुळे कोल्ह्या-कुत्र्यांना सहज पोचता येत नाही. पाऊस पुरेसा झाला नाही, तर त्या वर्षी तिथेही वीण होत नाही. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९४५ मध्ये रणातली ही वसाहत बघायला गेले, तेव्हा तिथे लाखो पक्षी होते.

मग खाडीत दिसणारे मळकट करडे रोहित? ती दुसरीकडे जन्मून, उडायला शिकून इथवर आलेली पोरं. गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात.

आता ते 'रक्त'. व्हिडिओ नीट बघा: दोन मोठे पक्षी, खाली पिल्लू. मागच्याच्या चोचीतून लाल द्रव पुढच्याच्या डोक्यावर सांडतो आणि तिथून ओघळत पिल्लाच्या चोचीत जातो. त्यामुळे एक दुसऱ्याचं डोकं फोडतोय असं वाटतं. जखम कुणालाच नाही. अन्ननलिकेच्या वरच्या भागात तयार होणारं ते दूध आहे, चरबी आणि प्रथिनांनी भरलेलं, आणि ते आईइतकंच बापही पाजतो. लाल रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. उपासमारीचा इथे संबंधच नाही. पिल्लाची चोच जन्मतः सरळ असते, ती वाकून गाळणीसारखी होईपर्यंत हेच त्याचं रोजचं जेवण.

असे मजकूर लोक मायेपोटी पुढे पाठवतात, पण त्याने पक्ष्यांचंच नुकसान होतं. खरं काय ते कळलं की लगेच प्रश्न येतो: अंडी घालत नाहीत, मग पाणथळ जागा बुजवल्या तर काय बिघडलं? बिघडतं ते असं: रोहित इथे पोटासाठी येतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळावर ते चरतात आणि भरतीने तो झाकला की टेकायला त्यांना नवी मुंबईतली उथळ तळी लागतात. खाडीतलं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, पण सीवूड्सच्या डीपीएस तलावासारखी तळी त्या हद्दीबाहेर आहेत. तिथे खाडीचं पाणी आत येण्याची वाट बंद झाली की तळं आटतं आणि भरतीच्या वेळी थव्यांना उतरायला जागा उरत नाही.